आघात पाचव्या तुकड्यावर

औषध चुकलं तर एकच माणूस आजारी पडतो. उच्चार चुकला तर अख्खी संस्था आजारी पडते. हे सत्य सगळ्यांनाच कळतं, पण कळणं आणि त्यावर परिपत्रक निघणं यात फरक आहे. परिपत्रक काढायला अधिकारी लागतो. तीनशे खाटांच्या त्या रुग्णालयाला तो जरा उशिरा मिळाला, पण मिळाला तो असा मिळाला की विचारू नका.

त्याआधीची अवस्था सांगायचीसुद्धा लाज वाटते. तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीमागे एक आठ बाय सहाची खोली होती. खोलीत एक टेबल, टेबलावर एक माइक, आणि माइकसमोर चोवीस वर्षं एक बाई. त्यांना शल्यविशारदांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे भोंगाताई म्हणत. (फोन उचलल्यावर त्या स्वतःही हेच नाव सांगत, खरं नाव पगारपत्रकात असावं असा अंदाज आहे.) आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. चोवीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर हरवलेली पोरं आयांच्या हवाली केली होती आणि दारात आडव्या लावलेल्या गाड्यांच्या मालकांना घाम फोडला होता. पण डॉक्टरांना बोलवताना ही बाई काय म्हणे? हाडवाले. पोटवाले. बाळवाले. आणि शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या सुईने माणूस झोपतो, त्या विद्वान गृहस्थांना म्हणे भूलवाले. "भूलवाले, तीन नंबर," एवढंच. दीड सेकंद. की ते गृहस्थ उठून तीन नंबरच्या शस्त्रक्रियागृहाकडे चालू लागत. रुग्णांनाही कळे, नातेवाइकांनाही कळे. सगळ्यांनाच सगळं कळत होतं, म्हणजे अधोगती कुठल्या थराला गेली होती पाहा.

एके दिवशी वरून पाहणी समिती आली. भोंग्यातून "पोटवाले, जुनी इमारत" असा पुकारा झाला आणि त्याच क्षणी समितीतल्या एका सदस्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. (त्यांना सकाळपासून पित्त झालं होतं, हे पुढे सात महिन्यांनी कळलं. तोवर आठ्यांवर कार्यवाही पूर्ण झाली होती.) वरिष्ठांच्या आठ्या वाया जाऊ द्यायच्या नसतात. आठवड्याभरात रुग्णालयात एक नवा कक्ष उघडला. लांब इंग्रजी शब्दांचे योग्य जागी तुकडे करणं, त्यातल्या नेमक्या तुकड्यावर आवाजाचा आघात देणं, आणि शब्दाचं डोकं कुठलं, धड कुठलं, शेपूट कुठलं हे ठरवणं, हे त्याचं काम. नाव ठेवलं शब्दविच्छेदन कक्ष.

आता टंकलेखकाला जोडाक्षरांचा कंटाळा. त्याने "ब्द" च्या जागी "व" मारला. रंगाऱ्याने जसंच्या तसं दारावर रंगवलं: शवविच्छेदन कक्ष.

या एका अक्षराने बऱ्याच गोष्टी सुरळीत झाल्या. रुग्णांना त्या दालनाकडे पाठवलं की ते वाटेतूनच घरी पळू लागले, त्यामुळे बरे होऊन जाणाऱ्यांचं प्रमाण नऊ टक्क्यांनी वाढलं. डोळे पुसत आलेले नातेवाईक आत डोकावत, तर समोर फळ्यावर एका लांबलचक शब्दाचे सहा तुकडे पाडलेले. आणि परिपत्रकाची एक प्रत तळघरात गेली, जिथे खरंखुरं विच्छेदन चाले. तिथे एक पांढऱ्या मिशांचे मामा किल्ल्या सांभाळत. आपल्या खात्याचं पत्र आलं म्हणून मामांनी सही केली आणि प्रशिक्षणाला नाव लागलं. चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त का केली नाही, असं कोणी विचारेल. दुरुस्तीला दुसरं परिपत्रक लागतं, आणि त्यात पुन्हा तो "ब्द" होताच.

कक्षाचे प्रमुख म्हणून जे साहेब आले ते आधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघत. टपालाने आलेला इंग्रजी उच्चारांचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी पाच महिन्यांत पुरा केला होता. कोणीही काही बोललं की ते बोट वर करून विचारत, "आघात कुठे?" म्हणून त्यांचं नाव आघातसाहेब पडलं. मग अपघात विभागातून जखमींचे कागद त्यांच्याकडे येऊ लागले. आले ते साहेबांनी तपासलेही. शिडीवरून पडलेल्या एका सुताराच्या कागदावर त्यांनी लाल शाईने शेरा मारला: "आघात उजव्या अवयवावर दाखवला आहे. नियमाने डाव्यावर हवा. फेरतपासणी करावी." सुतार दोन्ही पाय जवळ घेऊन बसला.

प्रशिक्षण रोज दुपारी तीनला. साहेब शिकवत ते मात्र अगदी बरोबर होतं, उगाच कोणाचं वाईट का म्हणा. शब्दाच्या शेवटी "शन" आलं तर आघात त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर पडतो. म्हणजे शेपूट आलं एकाचं आणि दणका शेजाऱ्याला. भोंगाताईंना हा नियम चटकन समजला, कारण चोवीस वर्षं त्या ह्याच रुग्णालयात नोकरी करत होत्या. फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या तुकड्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. शब्द जरा लांबला की आघात पुढच्या घरी. असं का, असं ताईंनी विचारलं. साहेब म्हणाले, का विचारणं हे मराठी सवयीचं लक्षण आहे, मराठीत सगळ्या अक्षरांना सारखंच वागवतात, म्हणून ती भाषा मागे राहिली.

मग नियमावली आली. तिचा गाभा असा:

एक, घंटी वाजवावी. दोन, शब्द संपूर्ण उच्चारावा. तीन, तोच शब्द तुकड्या-तुकड्याने म्हणावा, दर दोन तुकड्यांमध्ये एक श्वास घ्यावा. चार, आघाताच्या तुकड्यावर आवाज चढवून टेबलावर आघातपट्टीचा एक ठोका द्यावा (पट्टी लाकडी, एक फूट, भांडारातून सही करून घ्यावी). पाच, शब्द पुन्हा संपूर्ण उच्चारावा. सहा, चूक झाल्यास घंटीपासून सुरुवात करावी. सात, डॉक्टरांनी घोषणा पूर्ण होईपर्यंत जागा सोडू नये. अर्ध्या शब्दावर उठणं हा शब्दाचा अपमान समजला जाईल.

हाडवाले, पोटवाले, बाळवाले रद्द झाले. हाडवाले म्हटल्यावर भंगार गोळा करणारा दारात उभा आहे असं वाटतं, असा साहेबांचा अभिप्राय होता. भूलवाले तर सर्वांत आधी रद्द. रुग्णालयात भूल होते, हे भोंग्यावरून दिवसातून आठ वेळा जाहीर करणारी जगातली ही एकमेव संस्था असेल, असं ते म्हणाले. यापुढे त्या गृहस्थांना अॅनेस्थीझिऑलॉजिस्ट म्हणायचं. या शब्दाचे तुकडे सहा की सात, यावर कक्षाच्या समितीच्या तीन बैठका झाल्या. दोन सदस्य सहावर ठाम होते. एकाने आठ मोजले, पण त्याला सर्दी होती. शेवटी सात ठरले: अॅ, नेस, थी, झि, ऑ, लॉ, जिस्ट. ठोका पाचव्यावर. विहित पद्धतीने घोषणेला लागणारा वेळ: एक्केचाळीस सेकंद.

हृदयरोगाच्या वॉर्डातून तक्रार आली की भोंग्यातला ठोका ऐकून रुग्ण दचकतात. कक्षाने उत्तर दिलं की हा आघात इंग्रजी असल्याने घाबरण्याचं कारण नाही.

आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, एक ओळ होती. महिनाअखेर परीक्षा होईल. माइक एकच असल्याने जो पहिला येईल तो माइकवर बसेल. दुसरा धुलाई विभागात चादरींच्या नोंदी ठेवेल. परीक्षार्थी दोनच होते, भोंगाताई आणि तळघरातले मामा.

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांना ना दागिन्यांची हौस, ना पदाची. आपला आवाज तिन्ही मजल्यांवर एकदम पोचतो, याचाच काय तो त्यांना अभिमान होता, आणि कोणी काही म्हणो, तो रास्त होता. चादरींपुढे कसलं बोलायचं? त्या रात्री जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाला लागल्या.

अभ्यास स्वयंपाकघरात चाले. काकडी चिरताना दर तुकड्याला एक तुकडा शब्दाचा. अॅ, नेस, थी, झि, आणि पाचव्याला सुरी अशी आदळे की शेजारीण भिंतीवर टकटक करी. आघाताचा तुकडा हमखास जाड व्हायचा आणि नेमका सासूबाईंच्या ताटात जायचा. सासूबाईंना दात नव्हते. त्यांनी चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी ताट सरकवून म्हणाल्या, "सूनबाई, मला ते आघाताचं नको गं. मला शेपटाकडचं वाढ." नवऱ्याने विचारलं की चोवीस वर्षं नुसतं बोलून भागत होतं, आताच काय बिघडलं? ताई म्हणाल्या, तेच बिघडलं.

मामांची गोष्ट वेगळी. त्यांना घाई हा प्रकारच माहीत नव्हता. तीस वर्षं अशा माणसांच्या सोबतीत गेलेली की ज्यांना कुठेच पोचायचं नाही. ते एकेक तुकडा असा सावकाश, असा अदबीने ठेवत की साहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राही. सरावात त्यांना दर वेळी पैकीच्या पैकी. ताई तिसऱ्या तुकड्यावर अडखळत, थी की थे, आणि पुन्हा घंटीपासून. एकदा जिन्यात गाठून मामाच ओशाळून म्हणाले, "ताई, मला नकोय हो तो माइक. माझ्याकडची माणसं हाक मारून येत नाहीत." पण नको म्हणण्यासाठी अर्ज करावा लागे, आणि अर्ज शवविच्छेदन कक्षाकडे करायचा होता. तो अर्ज टपालवाला मामांच्याच टेबलावर आणून टाकी.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी अकराची वेळ. त्या आठ बाय सहाच्या खोलीत साहेब, थांबघड्याळ घेतलेल्या ग्रंथपालबाई, मामा आणि ताई असे चौघे एकमेकांचे खांदे चुकवत बसले. माइक चालूच ठेवला होता. सर्व रुग्णांना शुद्ध उच्चारांचा लाभ व्हावा, हा हेतू. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. मामांनी चिठ्ठी काढली. हॉस्पिटलायझेशन. घंटी, सबंध शब्द, सहा तुकडे, पाचव्यावर ठोका, पुन्हा सबंध शब्द. अडतीस सेकंद, एकही चूक नाही. ग्रंथपालबाईंनी नकळत टाळी वाजवली.

ताईंनी डब्यात हात घातला आणि टेबलावरचा आतला फोन वाजला.

तीन नंबरच्या परिचारिका बोलत होत्या. भूलवाल्यांना पाठवा, आत्ताच्या आत्ता. बाळाचे ठोके उतरताहेत, पोट उघडावं लागणार, बाळवाले तयार आहेत, पण भूल द्यायला कोणी नाही. भिंती जाड, मोबाइल लागत नाही, आणि ते गृहस्थ बहुतेक उपाहारगृहात. ताईंनी ऐकलं तसं सगळ्यांना सांगितलं.

साहेबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, वा, चिठ्ठीची गरजच उरली नाही. प्रत्यक्ष प्रसंग, आणि तोही सात तुकड्यांचा. अशी संधी परीक्षकाला आयुष्यात एकदाच मिळते. त्यांनी ग्रंथपालबाईंना खूण केली आणि थांबघड्याळ सुरू झालं.

ताईंनी पट्टी उचलली. घंटी वाजवली. सबंध शब्द म्हटला, बरा म्हटला. मग तुकडे. अॅ. श्वास. नेस. श्वास. आणि तिसऱ्यापाशी जीभ थबकली. थी की थे? ग्रंथपालबाईंच्या हातातलं घड्याळ टिकटिकत होतं. साहेब डोळे मिटून, मान पुढे करून, पाचव्या तुकड्याची वाट बघत होते. ताईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली. ठोके उतरले की पुढे माणूस कुठे येतो, हे त्या खोलीत एकट्या मामांना पक्कं माहीत होतं.

ताईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि माइक जवळ ओढला.

"भूलवाले, तीन नंबर! बाळाचे ठोके उतरलेत, पळा!"

तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. उपाहारगृहात एक कप बशीत कलंडला आणि एक गृहस्थ दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढताना लोकांनी पाहिले. (नियम सातचा हा उघड भंग होता. त्यांना नंतर ताकीद मिळाली.)

खोलीत थांबघड्याळ अजून चालूच होतं. साहेबांनी डोळे उघडले.

"ताई, मी उच्चार विचारला होता."

"तिकडून माणूस मागितला होता, साहेब."

साहेबांनी गुणपत्रक पुढे ओढलं. त्यांनी टोपण काढून पेन झटकलं. रकाने आखण्यातच अर्धा तास गेला, आणि ते गुण लिहायला वाकले तोच तो फोन पुन्हा वाजला. परिचारिकांचा आवाज आता हसरा होता. बाळ रडलं, चांगलं टाहो फोडून रडलं, मुलगी आहे, आणि अभिनंदन साहेबांचं करायचं आहे, कारण तीन नंबरमध्ये त्यांची सून होती. ती दुसऱ्या मजल्यावर नऊ नंबरच्या खोलीत सकाळपासून दाखल होती, हे साहेबांना ठाऊक होतं. नऊची तीन नंबरला कधी गेली, हे परीक्षेच्या गडबडीत कळवायचं राहून गेलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ग्रंथपालबाई म्हणाल्या, लक्ष्मी आली, नाव काय ठेवणार? ताई खुर्चीत मागे टेकल्या. आणि मग साहेबांनी जे केलं त्याला तोड नाही. आजच्या काळात, जिथे माणूस आपल्या भाच्यासाठी गुण वाढवतो, तिथे ह्या निःस्पृह गृहस्थाने सख्ख्या नातीचा मुलाहिजा ठेवला नाही. चष्मा लावून त्यांनी गुणपत्रक पुरं केलं. मामा: सहापैकी सहा. भोंगाताई: सातपैकी शून्य. शेरा: "भावना योग्य. आघात चुकला."

सोमवारी ताई धुलाई विभागात रुजू झाल्या. तळघरात, मामांच्या जुन्या खोलीला लागूनच जागा आहे. चादर, उशी, अभ्रा. एकाही शब्दाला आघात नाही. पहिले दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने वर ओरडून काही मागवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ते पाहवत नव्हतं, असं इस्त्रीवाला सांगतो.

वर मामा माइकवर आहेत आणि संस्थेचा लौकिक दुणावला आहे. गेल्या सहामाहीत चुकीच्या आघाताची एकही नोंद नाही. घोषणेचा सरासरी वेळ एक्केचाळीसवरून चव्वेचाळीसवर गेला आहे, कारण मामा पाचव्या तुकड्याआधी किंचित थांबतात. श्रोत्यांना ते आवडतं. पाहणी समिती पुन्हा येऊन गेली. आठ्यावाले सदस्य या खेपेला हसले. (पित्तावर त्यांना औषध लागू पडलं आहे.) तळघरातल्या मामांच्या जुन्या खोलीत मात्र काम बरंच वाढलं आहे आणि तिथे अजून माणूस नेमलेला नाही. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासायला समिती नेमावी अशी सूचना आली होती. कक्षाने ती "परस्परसंबंध" या शब्दाचे तुकडे किती, या मुद्द्यावर परत पाठवली.

राहता राहिले वाचक. वर तो सात तुकड्यांचा शब्द आला तेव्हा आपण तो मनात म्हणून पाहिलात, आणि बोटांवर मोजूनही पाहिलात. लाजू नका, सगळेच मोजतात. पाचव्यावर ठोका पडतो हेही आपल्याला पटलं असेल. पण परिचारिकांनी फोनवर सांगितलं ते एवढंच, की बाळ रडलं. ज्या बाईचं पोट उघडलं तिचं काय झालं, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. साहेबांनी नाही, मामांनी नाही, ग्रंथपालबाईंनी विचारलं ते बाळाच्या नावाचं. आणि आपणही इथपर्यंत आलात, ते न विचारताच.

ती बरी आहे. परीक्षेच्याच दुपारी, माइकच्या खोलीची किल्ली परत करून, भोंगाताई दुसऱ्या मजल्यावर नऊ नंबरात गेल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "कशी आहेस गं?" त्यांनी विचारलं, म्हणून कळलं.